पडत्या विमानात बसणारी सून

दौंड, रेल्वे कॉलनी
रविवार, २१ डिसेंबर २००३

तीर्थरूप हनुमंतदादांच्या चरणी धाकट्या बहिणीचा, कस्तुराचा, दंडवत.

तुम्ही सगळे न्हावऱ्यात सुखात असाल. असालच. दुसऱ्याच्या घरात आग लावून दिली की माणूस आपल्या घरी सुखातच असतो. म्हाळसावहिनींची कंबर, तुमचा उजवा गुडघा, नवी व्यालेली म्हैस आणि रानातला कांदा या सगळ्यांची चौकशी मी केली आहे असं समजावं. (गुडघा दुखत असेल तर दोन दिवस दुखू द्या, पण गुरुवारपर्यंत एस.टी.च्या पायरीवर चढता येईल इतका बरा करा. का, ते पुढं येईलच.) फोन केला असता, पण तुमचा फोन खंडूच्या दुकानात, आणि खंडू 'बोला बोला, मी ऐकत न्हाई' म्हणत शेवटपर्यंत ऐकतो. मला जे बोलायचं आहे ते ऐकून त्याच्या दुकानातलं दूध नासेल.

आधी मुद्दा सांगते, म्हणजे तुम्ही पत्र अर्धं वाचून उशाखाली ठेवायला नको. तुम्ही आणलेली सून, आमची अंकिता, पडत्या विमानात बसायला फ्रान्सला जायचं म्हणते. तेही पहिल्या संक्रांतीच्या तोंडावर. विमान बरोबर करीच्या दिवशी पडणार आहे. चुकून नव्हे, मुद्दाम, ठरवून, कागदावर छापून. आपल्यात करीच्या दिवशी माणूस वेस ओलांडत नाही, आणि ही आभाळातून पडणार. हे नको म्हणतात, ती जायचं म्हणते, आणि तुमचा भाचा रविराज नेहमीप्रमाणे काहीच म्हणत नाही. होय की नाही ते शनिवारपर्यंत तिकडे कळवायचं आहे. तेव्हा ह्यांनी निवाडा दिला की मध्यस्थाला बोलवा, तो म्हणेल ते खरं. रीतच आहे. लग्न जमवणारा वर्षभर जबाबदार असतो, सुनेच्या हातची आमटी खारट झाली तरी त्याला बोलावून वाढतात. आमची तर आमटी नव्हे, सूनच हवेत चालली आहे.

स्थळ आणलंत तेव्हा इथं कॉटवर मांडी घालून काय सांगितलंत ते मला तोंडपाठ आहे. 'पोरगी शिरूरची हाय, बाप मार्केट यार्डात अडत्या, एम.एस्सी. झालीय, पुण्यात प्रयोगशाळेत बारीक काम करती, मान वर करून बोलत न्हाई.' मान वर करत नाही हे खरं निघालं, कारण ती सदा भिंगातून खाली बघत असते. पण बारीक काम म्हणजे कसलं बारीक, हे तुम्ही विचारलंत? आम्हाला वाटलं दुधाचं फॅट तपासत असेल, नाहीतर पाण्यातले जंतू मोजत असेल. तिच्या वडिलांना विचारलं तर ते म्हणाले 'मटेरियलमधी हाय', आणि हे समजले वाळू-सिमेंट. लग्नानंतर महिनाभर हे अख्ख्या कॉलनीला सांगत होते की सून बांधकाम खात्यात आहे. दोघांनी तर ओळखीनं खडी मिळेल का म्हणून विचारलं. म्हैस घेताना तुम्ही तिचे दात बघता, शेपटी उचलून बघता, चार घरी चौकशी करता. भाच्याची बायको आणताना एवढं विचारवलं नाही की बाई, तू दिवसभर करतेस काय?

काय करते ते मी सांगते, कारण आता मला ते झोपेतही येतं. वितळलेली वस्तू थंड होऊन घट्ट व्हायला लागते तेव्हा तिच्या आत फांद्या फुटतात. लोखंडात फुटतात, तांब्यात फुटतात, बर्फातही फुटतात. मधे एक दांडा, त्याला आडव्या काड्या, काड्यांना आणखी काड्या, अगदी गाजराच्या पाल्यासारखं. तिनं मला फोटो दाखवले. दिसायला चांगलं आहे, खोटं कशाला लिहू. साडीवर कुणी काढलं असतं तर मी घेतली नसती, पण दुकानात हात लावून नक्की बघितली असती. ह्या फांद्या कशा फुटतात आणि एवढ्या शिस्तीत कशा फुटतात ते बघत बसायचं, ही तिची नोकरी. धातूच्या आत बघता येत नाही म्हणून मेणासारखा, पण आरपार दिसणारा एक पदार्थ घेतात आणि त्यात कापूर मिसळतात. (होय, कापूर. आरतीचा. मी विचारून खात्री केली. माझ्या देव्हाऱ्यातली डबी त्या दिवसापासून कुलपात आहे.) आता अडचण अशी की आपल्याकडे जी ती वस्तू वजनाची. भांड्यातल्या रसात जड असेल ते खाली बसतं, हलकं असेल ते वर येतं, आतल्या आत सारखं ढवळत राहतं आणि फांद्यांची घडी मोडते. जिथं वजनच नाही तिथं ढवळणारं कुणी नाही. 'मग आई, ती फांदी तिला जशी वाढायचीय तशी वाढते,' असं मला म्हणाली. मी भाकरी थापत होते. मी म्हटलं, 'अशी जागा कुठं असती का बाई?' तर म्हणाली असते, वर अवकाशात असते, आणि तिथं जाणं जमत नसेल तर पडत्या विमानात थोडा वेळ मिळते. माझी ती भाकरी मोडली. त्या दिवशी सगळ्यांनी मोडलेली भाकरी खाल्ली आणि कुणी विचारलं नाही का मोडली म्हणून.

ह्यांनी एवढी सगळी माहिती ऐकून कॉलनीत एका वाक्यात सांगितली, 'सून थिजवायचं काम करती.' झालं. दुसऱ्या दिवशी शेजारची तानुबाई तुपाची बरणी घेऊन दारात. 'माझ्या तुपाला कणीच पडंना बग. अंकिताला दाव की जरा.' आता शहाण्या सुनेनं हसून नाही म्हणावं. आमच्या बाईसाहेबांनी बरणी हातात घेऊन उजेडात धरली, तूप पुन्हा कोमट केलं आणि हळूहळू निवावं म्हणून बरणी रजईत गुंडाळून ठेवली. माझ्या माहेरच्या रजईत, दादा, वहिनींनी हातानं शिवलेल्या. तिसऱ्या दिवशी तानुबाईच्या तुपाला हरभऱ्याच्या डाळीएवढी कणी. मग काय विचारता? आठवड्याभरात माझ्या घरात माणसांपेक्षा बरण्या जास्त झोपायला लागल्या. थंडीचे दिवस, आणि रजई तुपाला. मी शाल पांघरून कुडकुडतेय आणि शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या सिंधूबाईचं तूप उबेत घोरतंय. रजईला असा वास लागला की मुंग्यांनी तिच्यातून रस्ता काढला. एक मुंगी रविराजला चावली तेव्हा तो 'आई गं' म्हणाला. लग्नानंतर आमच्यासमोर तो बोललेला हा पहिला शब्द.

तेही मी गिळलं. पण हलव्याचं मी विसरणार नाही. संक्रांतीच्या हलव्याला दौंडच्या रेल्वे कॉलनीत माझ्यासारखा काटा कुणाचा येत नाही, हे तानुबाईसुद्धा मान्य करते, आणि तानुबाई माझं सहसा काही मान्य करत नाही. नव्या सुनेचे दागिने करायचे म्हणून यंदा मी आधीच बसले. शेगडीत नखाएवढा विस्तव, परातीत खसखस आणि तीळ, चमचा-चमचा पाक सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. आपल्या आईची रीत तुम्हाला आठवत असेल. हलवा फिरवताना बोलायचं नाही, आणि काटा दिसला तरी 'आला' म्हणायचं नाही, 'गेला' म्हणायचं, म्हणजे तो बुजत नाही. मी तिला हे पहिल्याच दिवशी सांगितलं. तिनं मान डोलावली. मग शेजारी पाट घेऊन बसली आणि सुरू केलं. आई, पाक किती तारी? आई, दार का लावलं? आई, हात उलटा फिरवला तर? मी उत्तर द्यायला थांबले की हात थांबतो, हात थांबला की हलवा चिकटतो. तिसऱ्या दिवशी सकाळी दाण्यांना बारीक टोकं फुटलेली मला दिसली. मी हळूच म्हटलं, 'गेला हो, गेला.' ही भिंग लावून वाकली आणि कॉलनीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, 'आई, आला! किती सुंदर आलाय!'

संध्याकाळपर्यंत एकूण एक दाणा गुळगुळीत. बुजला म्हणजे बुजलाच. आणि वर मला काय सांगते? ओरडल्यानं काही होत नाही आई, दुपारी शेगडी जास्त तापली, टोकं विरघळली. शेगडीपाशी कोण बसलं होतं? मी. म्हणजे चूक कुणाची? माझी! पंचवीस-तीस संक्रांती ज्या हातानं काटा आणला त्या हाताची चूक काल आलेल्या पोरीनं भिंगातून शोधून काढली. तानुबाई बघायला आली आणि म्हणाली, 'झ्याक हाय की. औषदाच्या गोळ्यांवानी.' दादा, त्या रात्री मी जेवले नाही. (थोडा भात खाल्ला. पण तो राग म्हणून खाल्ला.)

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणून ते फ्रान्स. तिकडं एक विमान आहे. ते नाक वर करून चढतं, मग चालवणारा जोर काढून घेतो आणि ते भिरकावलेल्या दगडासारखं वर जाऊन खाली येतं. त्या वीस-बावीस सेकंदांत आतली माणसं, भांडी, कापूर, सगळं बिनवजनाचं होऊन तरंगतं. तेवढ्यात हिनं आपल्या फांद्यांचे फोटो काढायचे. मग विमान सावरतं, पुन्हा चढतं, पुन्हा पडतं, आणि असं सकाळभर चालतं. एकदा पडून त्यांचं भागत नाही. वीस-बावीस सेकंदांसाठी एवढा खटाटोप! तेवढ्या वेळात आमच्या रविराजचं 'हूं' म्हणून होत नाही. देशातून मोजकी माणसं निवडली आणि त्यात हिचं नाव आलं, प्रवासाचं सगळं तेच बघतात, म्हणून ती पेढे घेऊन आली. ह्यांनी पेढा खाल्ला, हात धुतले आणि म्हणाले, 'डोळ्यानं बघितल्याबिगर मी मानत न्हाई.'

तर आता तांब्याची गोष्ट ऐका. अंकिता म्हणाली, बाबा, वजन नाहीसं होतं म्हणजे काय ते इथंच दाखवते. एखाद्या डब्याच्या बुडाला भोक पाडायचं आणि पाणी भरायचं. पाणी भोकातून गळतं. पण डबा उंचावरून सोडून दिला तर पडता पडता ते गळायचं थांबतं. तिनं प्लास्टिकचा फुटका डबा आणला. ह्यांना तो पटला नाही. 'प्लास्टिकचं काय खरं? भांडं पायजे.' म्हणून ह्यांनी माझ्या लग्नातला तांब्या घेतला. ज्याच्यावर 'कस्तुरा, न्हावरे' असं नाव घातलेलं आहे तो. खिळा घेतला, हातोडी घेतली आणि त्याच्या बुडाला भोक पाडलं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. बोलले नाही. (ह्यांच्या कामात मी बोलत नाही.) मग सगळे गच्चीवर. खाली कॉलनी जमलेली, त्यात पोस्टमनसुद्धा पिशवी खांद्याला लावून उभा. ह्यांनी कठड्याबाहेर हात काढून तांब्या धरला, पाण्याची धार खाली लागली आणि ह्यांनी तो सोडला.

धार थांबली. खरंच थांबली, दादा. मी माझ्या डोळ्यांनी बघितली. तांब्या पडतोय, बुडाला एवढं भोक आहे, आणि एक थेंब बाहेर येत नाही. 'थांबलं गं बया!' म्हणून तानुबाईनं टाळ्या वाजवल्या, आणि मग तांब्या कशावर पडला ते बघितलं. तिनं संक्रांतीचे तीळ धुऊन धोतरावर वाळत घातले होते, बरोबर त्यांच्या मधोमध. तीळ पार सायकलस्टँडपर्यंत उडाले आणि कॉलनीतली कबुतरं अशी उतरली जशी काय त्यांना आधी कळवलं होतं. तानुबाई अजून माझ्याशी बोलत नाही. तुपाची बरणी मात्र रविराजच्या हाती पाठवते.

सगळ्यांना वाटलं आता ह्यांना पटलं. हे जिना उतरून आले, पोचे आलेला तांब्या उचलला, बोट घालून भोक बघितलं आणि म्हणाले, 'पानी भ्यालं.'

अंकिता म्हणाली, 'नाही बाबा, पाणी घाबरलं नाही. पाणी आणि तांब्या एकाच वेगानं पडतात, म्हणून पाणी बाहेर येत नाही.'

'तेच म्हंतोय मी. दोगंबी पडत्यात. त्यात तू बसलीस की तूबी पडशील. जितं पानी भितंय तितं माजी सून जायची न्हाई. उभा जलम रेल्वेत काढला मी. गाडी रुळावरनं उतरू नये म्हनून आमाला पॉइंटावर उभं केलंय, आन् ह्ये लोक मुद्दाम उतरिवत्यात!'

ह्यांचं म्हणणं अगदी रास्त आहे आणि मी ह्यांच्या शब्दाबाहेर नाही. पण पोरीचा मला खरा संताप येतो तो पुढंच. भांडावं ना तिनं! पाय आपटावेत, माहेरी निघून जावं, बॅग भरून स्टेशन गाठावं, म्हणजे मलाही चार शब्द बोलता येतील. ती म्हणाली, 'तुम्ही सगळे हो म्हणालात तरच जाईन.' आणि माझ्या त्या गुळगुळीत हलव्याचे दाणे दोऱ्यात ओवायला लागली. चार दिवस झाले, सकाळी शटलनं पुण्याला जाते, संध्याकाळी येते, भांडी घासते, हलवा ओवते. अशा माणसाशी कसं वागायचं ते तुम्ही स्थळ आणताना सांगितलं नव्हतं.

तेव्हा गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघा आणि इथं येऊन काय तो निकाल लावा. तुम्ही जमवलंत, तुम्हीच निस्तरा. वहिनींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद, म्हशीला काही नाही. माझी तुमच्यावरची माया अजून शाबूत आहे, पण गुरुवारनंतरचं सांगता येत नाही.

तुमची बहीण,
कस्तुरा

ता. क. हे पत्र ह्यांनी दोनदा वाचलं. 'झ्याक लिवलंयस, जरा आनकी कडक चाललं असतं' म्हणाले, आणि पाकीट चिकटवायला माझ्याकडे देऊन ड्यूटीवर गेले. आता खरं लिहिते. तिला जाऊ द्यायचं आहे. गुरुवारी या, कॉटवर बसा, मी ह्यांच्यासमोर तुम्हाला वाट्टेल ते बोलेन, ते ऐकून घ्या. माझा आवाज उतरला की तुम्ही म्हणायचं, स्थळ जमवताना पोरीच्या बापाला मी शब्द दिला होता की तिचं काम कुणी अडवणार नाही. असा शब्द तुम्ही दिला नव्हता, मला ठाऊक आहे. तिच्या वडिलांशी मी बोलले आहे, ते 'दिला होता' म्हणतील. ह्यांना विमान पटणार नाही, पाणी पटणार नाही, पण मेव्हण्यानं दिलेला शब्द मोडायची ह्यांची छाती नाही.

ता. क. दुसरा. संक्रांतीची काळजी करू नका. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं आणि ती त्याआधी परत येते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण ह्यांना ठाऊक नाही आणि सांगायची गरजही नाही. हे पान चुलीत घाला, आधीची पानं वहिनींना मोठ्यानं वाचून दाखवा.

ता. क. शेवटचा. वरचा राग खोटा आहे असं मात्र समजू नका. राग खरा आहे, फक्त जुना आहे. माझ्या लग्नातही मध्यस्थ तुम्हीच होता. लग्नानंतर दोन महिन्यांनी माझा डी.एड.ला नंबर लागल्याचं पत्र आलं आणि मामंजी म्हणाले, काय करायचंय शिकून? तेव्हा तुम्ही आमच्या पडवीत बसला होता. मी दाराआड उभी होते. तुम्ही मध्यस्थ, तुम्ही एक शब्द बोलला असता तर त्यांनी ऐकलं असतं, आणि तो शब्द आत्ता येईल, आत्ता येईल म्हणून मी चौकट धरून उभी होते. तुम्ही चहा प्यालात, कप खाली ठेवलात, 'बरं, येतो' म्हणालात आणि न्हावऱ्याची एस.टी. गाठलीत. त्याबद्दल मी आजवर तुम्हाला एक अक्षर विचारलं नाही, आताही विचारत नाही. गुरुवारी दाराआड अंकिता असेल. चहाचं आधण मी ठेवीन, पण तुमचं बोलून झाल्याशिवाय कप बाहेर येणार नाही.